वाद पुडीचा, दोष पाण्याचा

गाडीच्या पुढच्या काचेवर मारायच्या पाण्याबद्दल धावड्यात, आणि खरं तर सगळ्या भोकरदन तालुक्यात, तीन पंथ आहेत. पहिला शाम्पूवाल्यांचा. वॉशरच्या टाकीत बोअरचं पाणी भरा, वरून शाम्पूची एक पुडी फोडा, विषय संपला. दुसरा निळ्या बाटलीवाल्यांचा. त्यांच्या मते घरचं काही घातलं की पंप जातो, रबर फाटतं, काच जाते, म्हणून कंपनीचंच आणावं. तिसरा पंथ मोबाइलवर व्हिडिओ पाहून तयार झालेला आहे. पाणी, व्हिनेगर, थोडं स्पिरिट, भांड्यांचं लिक्विड आणि हौस असेल तर निळा रंग, असा त्यांचा काढा असतो. हे तिघे एकमेकांना अडाणी समजतात. पण एका गोष्टीवर तिघांचंही एकमत आहे आणि मला खोडायची आहे ती नेमकी तीच गोष्ट. काच साफ होते ती पाण्यात घातलेल्या वस्तूने, पाणी काय कुठलंही चालतं, असं तिघेही धरून चालतात.

माझा पक्ष उलटा आहे. अजिंठ्याच्या डोंगरकडेच्या या पट्ट्यात काचेचं दुखणं मुळात पाण्याचं आहे. पाणी नीट असेल तर त्यात घालायचं फार थोडं उरतं. पाणी वाईट असेल तर पुडी, बाटली, काढा यांतलं काहीही पुरं पडत नाही.

आपल्याकडच्या वादपद्धतीत समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याच ताकदीने मांडायचं असतं. तेव्हा शाम्पूवाल्यांचा पूर्वपक्ष ऐकू या. नुसतं पाणी काचेवर पसरत नाही, त्याचे थेंब धरतात. काचेवर डिझेलच्या धुराची आणि तेलाची पातळ साय असते आणि पाणी तिच्यावरून घरंगळतं. पाण्याचा पृष्ठताण 25 अंश सेल्सिअसला मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो. डिटर्जंट घातलं की तो तीस-पस्तीसपर्यंत उतरतो, पाणी काचेला धरतं आणि तेलकट थर सुटतो. हे सगळं शंभर टक्के खरं आहे.

या शास्त्राच्या मुळाशी एक स्वयंपाकघर आहे, हेही इथेच सांगून टाकतो. जर्मनीत ब्राउनश्वाइगला अ‍ॅग्नेस पॉकेल्स नावाची एक बाई घर सांभाळत असे. विद्यापीठाची दारं तेव्हा बायकांना बंद होती. भांड्यांच्या पाण्यावर तेलाचा आणि साबणाचा काय परिणाम होतो हे तिने पत्र्याच्या कुंडात मोजायला घेतलं आणि सगळं लिहून भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पाठवलं. त्यांनी ते 1891 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापवून आणलं. म्हणून ‘घरी केलेलं म्हणजे अशास्त्रीय’ हा निळ्या बाटलीवाल्यांचा टोमणा मला मुळीच मान्य नाही. या विषयाचं शास्त्रच घरात जन्मलं आहे.

पण पॉकेल्सबाईंच्या वाटेने पुढे जे कळत गेलं, त्यानेच शाम्पूवाल्यांचा पक्ष पडतो. डिटर्जंट वाढवत गेलं की पृष्ठताण एका ठरावीक मर्यादेपर्यंतच उतरतो. त्यापुढे घातलेले रेणू पृष्ठभागावर जागा न मिळाल्यामुळे पाण्याच्या पोटात गोळा होऊन बसतात आणि ताण आणखी उतरत नाही. शाम्पूत जो मुख्य डिटर्जंट असतो, सोडियम लॉरेथ सल्फेट, त्याच्यासाठी ही मर्यादा लिटरला ग्रॅमच्याही आत येते. म्हणजे तीन लिटरच्या टाकीला एक लहान पुडी हे माप फारसं चुकलेलं नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. चूक होते ती दोन-चार पुड्या फोडताना. शिवाय शाम्पूत डिटर्जंटखेरीज केस मऊ करायचं सिलिकोन असतं, मोत्यासारखी चमक आणणारं मेणचट द्रव्य असतं, दाटपणासाठी मीठही असतं. केसांना बसावा म्हणून केलेला तो थर काचेलाही इमानाने बसतो. रात्री समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांचा उजेड त्या थरावर फुटतो आणि अख्खी काच पांढरी होते.

पुड्या का वाढतात? फेसासाठी. फेस आला म्हणजे काच निघाली, हा तर्क. न्यायशास्त्राच्या भाषेत याला सव्यभिचार हेतू म्हणतील. जिथे धूर तिथे अग्नी हे चालतं, कारण अग्नीवाचून धूर कुठे सापडत नाही. पण फेस आणि सफाई यांची अशी व्याप्ती नाही. धुलाईयंत्राची पावडर मुद्दाम कमी फेसाची करतात आणि तरी कपडे निघतात. उलट नुसत्या फेसाने भरलेली काच तशीच तेलकट राहिलेली कुणीही पाहिली असेल. तरीही फेस दिसल्यावर समाधान वाटतं खरं, कारण तो दिसतो. क्षार दिसत नाहीत, निदान काच वाळेपर्यंत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. धावडा अजिंठा-बुलडाणा रस्त्याच्या पट्ट्यातलं, बुलडाणा जिल्ह्याच्या सीमेजवळचं गाव. खाली बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा थर. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडी सिलिकाही उचलतं. बोअर जितकी खोल, तितका पाण्याचा खडकाशी सहवास सहसा लांबलेला. हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पाणी जड असलं की डाळ शिजत नाही, साबण फाटतो आणि कपड्याला करडा चिकटा बसतो, हे घरातली कोणतीही बाई सांगेल. डाळ का शिजत नाही? कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला बांधून ठेवतं. आणि साबण फाटतो म्हणजे कॅल्शियम साबणातल्या मेदाम्लाशी जुळून न विरघळणारा साका करतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलं आहे. विरघळलेल्या एकूण घटकांसाठी, म्हणजे टीडीएससाठी, हेच आकडे 500 आणि 2000 आहेत. म्हणजे प्यायला मानकाने चालणारं पाणी काचेला मुळीच चालेल असं नाही. पोटातले क्षार शरीर वापरतं किंवा बाहेर टाकतं. काचेवर मात्र पाणी उडून जातं आणि क्षार जागच्या जागी राहतात.

साधा हिशोब करा. लिटरला 800 मिलिग्रॅम क्षारांचं पाणी धरलं, तर तीन लिटरच्या टाकीत जवळजवळ अडीच ग्रॅम भुकटी विरघळलेली आहे. ती भुकटी तुम्ही थोडी थोडी करून, उन्हात तापलेल्या काचेवर, स्वतःच्या हाताने फवारता. वायपर बरीचशी ओढून नेतो, पण त्याच्या दोन्ही टोकांच्या चंद्रकोरी, बॉनेटची कड आणि फवाऱ्याच्या तोटीचं बारीक भोक या जागा राहतातच. तोटी बुजली की मेस्त्री टाचणी घालून मोकळी करतो. टाचणीच्या टोकाला येणारा पांढरा कण कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चहाच्या भांड्यात आणि पाणी तापवायच्या कॉइलवर बसतो त्याच जातीचा.

कुणाला हे शब्दप्रामाण्याने नको असेल तर प्रत्यक्ष करून पाहता येईल. फोटोफ्रेमची जुनी काच घ्या, ती आधी नीट धुऊन पुसा. शेजारी शेजारी चार थेंब ठेवा: बोअरचं पाणी, बोअरच्याच पाण्यात शाम्पू, फिल्टरच्या जारचं पाणी आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. काच पत्र्यावर उन्हात ठेवा आणि वाळल्यावर तिरपी धरून बघा. बोअरच्या थेंबाची कड पांढऱ्या रेघेने आखलेली दिसते, आत मात्र जवळजवळ काही नसतं. थेंबाचं पाणी कडेला लवकर उडतं, त्याची भरपाई करायला आतलं पाणी कडेकडे वाहत राहतं आणि येताना सगळा गाळ कडेला आणून टाकतं. कॉफीच्या डागाची कड गडद का, याचं हेच स्पष्टीकरण शिकागोच्या शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये दिलं. शाम्पूच्या थेंबाचं वर्तुळ मोठं आणि पसरट होतं, आणि क्षारांवर चिकट साय बसते. जारच्या पाण्याचा डाग पुसट असतो, त्याची कड शोधावी लागते. डिस्टिल्ड वॉटरच्या जागी बहुतेक काहीच सापडत नाही. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही तिथेच मिळाले: क्षार आहेत तिथे डाग आहे, क्षार नाहीत तिथे डाग नाही, आणि शाम्पू घातला तरी डाग आहेच.

गाडीच्या बॅटरीत बोअरचं पाणी ओतणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे. पाणी संपलं की तो बॅटरीच्या दुकानातून कॅन आणतो, कारण क्षारांनी प्लेटा जातात हे त्याला पक्कं माहीत असतं. तोच माणूस त्याच बॉनेटखाली, हातभर अंतरावरच्या दुसऱ्या टाकीत मात्र नळी लावून बोअरचं पाणी सोडतो. बॅटरी गेली की खिशाला कळतं. काच एकदम जात नाही, रोज थोडी थोडी जाते.

व्हिनेगरवाले इथे मध्ये पडतात. त्यांचं म्हणणं: कॅल्शियमचा डाग आम्लाने विरघळतो, मग आम्लच टाकीत घाला. पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. वाळलेला डाग काढायला व्हिनेगरचा फडका उत्तम. पण जड पाण्यात व्हिनेगर घातलं की कॅल्शियम काही नाहीसं होत नाही. ते कार्बोनेटऐवजी अ‍ॅसिटेट होऊन पाण्यात राहतं आणि पाणी उडालं की काचेवर अ‍ॅसिटेटचा डाग पडतो. तो लवकर धुऊन निघतो, एवढाच फायदा. सिलिकाला तर व्हिनेगर हातही लावू शकत नाही, आणि बेसाल्टच्या पाण्यात ती असतेच. काचेवर डाग महिनोन्‌महिने राहिले की घरातल्या कुठल्याही आम्लाने न निघणारा जो धुरकट पडदा उरतो त्यात तिचा वाटा असतो. तो काढायला सेरियम ऑक्साइडची पॉलिशच लागते. वर हे आम्ल उडून वायपरच्या लोखंडी दांड्यावर, खिळ्यांवर आणि पोचा पडलेल्या पत्र्यावर बसतं. अमोनियाचा सल्ला देणारेही आहेत. त्यांनी काळी फिल्म आणि दिव्यांचं पॉलिकार्बोनेट सांभाळावं, आणि व्हिनेगर काय किंवा अमोनिया काय, ब्लीचच्या जवळही नेऊ नये. त्यातून निघणारे वायू छातीला लागतात.

तुरटीचंही इथेच निपटवू. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ बसतो आणि पाणी नितळ दिसतं. पण तुरटी तरंगणारी माती खाली आणते, विरघळलेल्या क्षारांना धक्का लावत नाही. नितळ म्हणजे मऊ नव्हे. पाणी उकळणं हा त्यापेक्षा बरा उपाय. बायकार्बोनेट मोडून कार्बोनेट तळाला बसतं आणि वरचं पाणी निवळून घेता येतं. सल्फेट आणि क्लोराइडचा कठीणपणा मात्र तसाच राहतो. काचेसाठी गॅस जाळावा इतकं मोल त्याला नाही.

निळ्या बाटलीवाल्यांचा पक्ष मात्र वरवर भक्कम आहे. कंपनीने मोजूनमापून केलेलं, पंपाला आणि रबराला चालणारं. खरंय. पण बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. आपल्या बाजारात या बाटल्यांपैकी पुष्कळ अर्कच असतात आणि फुसफुसणाऱ्या गोळ्यांचं तर विचारूच नका. एक गोळी इतक्या लिटर पाण्यात टाका. पाणी कुणाचं? तुमचंच. म्हणजे शंभर रुपये मोजून शेवटी टाकीत तेच बोअरचं पाणी. काही अर्कांत कॅल्शियमला बांधून ठेवणारी द्रव्यं असतात, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. साका होऊ नये यासाठी ती उपयोगी पडतात. पण बांधलेलं कॅल्शियमही वाळल्यावर काचेवरच राहणार, उडून कुठे जाणार?

निळा रंग साफ काही करत नाही. तो टाकी ओळखू यावी आणि कुणी चुकून पिऊ नये यासाठी असतो. व्हिडिओतल्या काढ्याचा आणि परदेशी बाटलीचा गाभा असतो अल्कोहोल, आणि तो तिथल्या थंडीसाठी असतो. कॅनडात टाकीतलं पाणी गोठतं, नळ्या फुटतात. म्हणून तिथे तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त मिथेनॉल घालतात. शुद्ध मिथेनॉल उणे 97 अंशांच्या खाली गोठतं. जालना जिल्ह्यात पारा सात-आठ अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते. गोठण्यावरचं औषध इथे कशाला? आणि मिथेनॉल हे भयंकर विष आहे. युरोपीय संघाने काचेच्या पाण्यात 0.6 टक्क्यांहून जास्त मिथेनॉल सामान्य ग्राहकाला विकायला मे 2019 पासून बंदी घातली, कारण लोक ते पिऊन मरत होते. आपल्याला त्यासाठी युरोपापर्यंत जायला नको. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनेच. घरात पोरंबाळं असताना पाण्याच्या जुन्या बाटलीत मिथेनॉल भरून ठेवणं हे कुठल्याही काचेपेक्षा महाग पडेल.

इतकं ऐकल्यावर एखादा चतुर प्रतिवादी माझंच म्हणणं माझ्यावर उलटवेल: पाणीच सगळं असेल तर नुसतं शुद्ध पाणी भरू, डिटर्जंट कशाला, अल्कोहोल कशाला? हा आक्षेप सर्वांत चांगला आहे आणि त्याला मान द्यायला हवा. तेलकट सायीचं उत्तर वर आलंच. दुसरी अडचण जिवाणूंची. लिजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जिवाणू 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि बॉनेटखालची टाकी म्हणजे त्याला हवं तसं घर. ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेने 2010 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, इंग्लंड आणि वेल्समधल्या या आजाराच्या सुमारे 20 टक्के घटनांचा संबंध वॉशरमध्ये नुसतं पाणी भरण्याशी असू शकतो असा अंदाज निघाला. तिथल्या थंड हवेत ही गत, तर मे महिन्यातल्या भोकरदनमध्ये टाकी महिनोन्‌महिने तशीच ठेवणं शहाणपणाचं नाही. मात्र चमचाभर स्पिरिटने जिवाणू मरतील या भ्रमातही राहू नये. त्याला अल्कोहोल बऱ्यापैकी लागतं. त्यापेक्षा टाकी थोडी भरावी, वापरून संपवावी, आणि उरलेलं दर काही आठवड्यांनी फवारून काढून टाकावं.

मग धावड्याच्या माणसाने भरावं काय? पाणी आधी. जून ते सप्टेंबरात पत्र्यावरून पडणारं पाणी हे फुकटचं डिस्टिल्ड वॉटर. पहिल्या एक-दोन सरी वाहू द्याव्यात, कारण त्यांत छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण येते. नंतरचं पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून झाकणाच्या कॅनमध्ये भरावं आणि सावलीत ठेवावं. वीस लिटरचा एक कॅन साध्या वापराच्या गाडीला पुष्कळ दिवस जातो. पाऊस गेला की फिल्टरच्या जारचं पाणी. फिल्टरवाल्याकडे टीडीएस मीटर असतं, त्यावर पन्नासच्या आसपास आकडा आला तर बिनधास्त घ्यावं. ते मीटर फक्त विद्युतवाहकता मोजतं, कठीणपणा वेगळा दाखवत नाही, पण एवढ्या कमी आकड्यात वेगळं पाहायची गरजही उरत नाही. घरी एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणीही गाळून चालतं. त्यात विरघळलेले क्षार जवळजवळ नसतात.

त्यात लिटरला पाव चमचा भांड्यांचं लिक्विड, शाम्पू नव्हे. पहिल्या पावसानंतर रात्रीच्या दिव्यांवर पाखरं झेपावतात आणि काचेवर चिरडून चिकटतात, त्या दिवसांत लिटरला चार-पाच चमचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालावं, मेडिकलमध्ये मिळतं तेच. ठेवताना आगीपासून लांब. पाखरांचा वाळलेला रस प्रथिनांचा असतो. त्याला खरं म्हणजे ओल्या फडक्याने दोन मिनिटं भिजवणंच सर्वांत चांगलं.

आपल्या काळ्या मातीचाही विचार करावा लागतो. तिच्यात मोंटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते आणि ती पाणी पिऊन फुगते. मिरचीच्या हंगामात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराकडे जाणाऱ्या पिकअपच्या मागे गाडी लागली की काचेवर या मातीचा थर बसतो. अशा वेळी चालकाने पाण्याची कंजुसी करून एकच फवारा मारला की धुळीचा चिखल होतो, वायपर तो पसरवतो आणि काच आधीपेक्षा वाईट होते. मग पंथवाले म्हणतात पाण्यात पुडी कमी पडली. कमी पडलं ते पाणी. दोन-तीन लांब फवारे, मध्ये क्षणभर थांबून, आणि मग वायपर. कोरडा वायपर तर धुळीवर फिरवूच नये. धुळीतले काही कण काचेहून कठीण असतात आणि ओरखडा एकदा पडला की जात नाही.

शेवटचा आक्षेप खरा गावचा आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात काचेसाठी फिल्टरचं पाणी, हा चोचला नव्हे का? एक लिटर फिल्टरच्या पाण्यामागे यंत्र त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतं, हेही आक्षेप घेणारा सांगेल, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणूनच मी पावसाचं पाणी आधी म्हटलं. पण आठवड्याला टाकीत जातं किती? लिटर-दीड लिटर. आणि ज्या गाडीची काच धुरकट झालेली आहे ती गाडी धुवायला दारात नळी सोडून जे पाणी जातं, त्याच्या तुलनेत हे काहीच नाही. आणि चोचला तर हा नव्हेच: केंद्रीय मोटार वाहन नियमांत वायपर बंधनकारक आहे तो काचेतून रस्ता दिसावा म्हणून. दारातली नळी बंद करा, पत्र्याखाली एक कॅन ठेवा, आणि त्या कॅनवर मार्करने ‘काचेचं पाणी, पिऊ नये’ असं मोठ्या अक्षरात लिहा.